‘डेफिशियन्सी’ लिहिलंय खरं, पण कमी नेमकं काय?

लॅबच्या रिपोर्टवर ‘डेफिशियन्सी’ असते. हवामान खात्याच्या पत्रकात पाऊस ‘डेफिशियंट’ असतो. जीएसटीच्या पोर्टलवर ‘डेफिशियन्सी मेमो’ येऊन पडतो आणि ग्राहक आयोगात वकील ‘डेफिशियन्सी इन सर्व्हिस’ म्हणत उभे राहतात. मराठीत आपण ही खाती वेगळी ठेवली आहेत : शरीरात कमतरता, पावसात तूट, अर्जात त्रुटी, कामात कसूर. पण गोव्यात कागद इंग्रजीत, घरातलं बोलणं कोकणीत आणि पेपर मराठीत. त्यामुळे कागदावरचा शब्द तसाच्या तसा तोंडात बसतो आणि सगळीकडे एकच भानगड चालली आहे असं वाटायला लागतं.

हा शब्द दिसला की मी दोन गोष्टी विचारतो. कमी म्हणजे कशाच्या मानाने कमी? आणि त्याचा जाब कुणाला विचारता येतो की नाही? पहिल्याचं उत्तर दर ठिकाणी वेगळं निघतं. दुसऱ्याचं उत्तर बऱ्याचदा ‘कुणालाच नाही’ असं असतं, आणि तेच पचायला जड जातं.

बहुतेकांची या शब्दाशी पहिली गाठ लॅबमध्ये पडते. ‘व्हिटॅमिन डी २२’ असा आकडा आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘इन्सफिशियन्सी’. एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. २०च्या खाली डेफिशियन्सी, २० ते ३०च्या दरम्यान इन्सफिशियन्सी ही विभागणी अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ साली दिली आणि ठिकठिकाणच्या लॅबनी ती उचलली. त्याच सुमारास तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचं म्हणणं होतं की बहुतेक माणसांना २० पुरे. म्हणजे २२ हा आकडा एका पट्टीवर कमी आणि दुसरीवर ठीक. पुढे २०२४मध्ये एंडोक्राइन सोसायटीने स्वतःच त्या जुन्या रेषा मागे घेतल्या आणि निरोगी प्रौढांनी ही तपासणी सरसकट करू नये असा सल्ला दिला. लॅबच्या छापील नमुन्यात मात्र २० आणि ३० अजून ठाण मांडून बसलेले दिसतात. तेव्हा असा रिपोर्ट हातात आला की गोळ्यांच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावं.

लोहाच्या बाबतीत पट्टी बऱ्यापैकी पक्की आहे, पण दोन पट्ट्यांची सरमिसळ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली आणि पुरुषाचं १३च्या खाली गेलं की तो ॲनिमिया. लोहाची डेफिशियन्सी मात्र फेरिटिनवरून, म्हणजे लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनावरून ओळखतात. निरोगी प्रौढात ते लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर साठा संपत आला. शरीर आधी साठा उपसतं, हिमोग्लोबिनला हात नंतर लागतो. म्हणून हिमोग्लोबिन १२.४ आणि फेरिटिन ८ असा रिपोर्ट येऊ शकतो. ‘ॲनिमिया नाही’ म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि तिला मात्र जिना चढताना धाप लागते. उलटही घडतं. अंगात ताप किंवा सूज असली की फेरिटिन फुगतं आणि रिकामा साठा भरलेला दिसतो. डिचोली, सांगे भागात डोंगरचे डोंगर पोखरून लोहखनिज जहाजांनी परदेशी गेलं, कौलांवर लाल धूळ साचली, आणि त्या धुळीत केर काढणाऱ्या बाईला लोहाच्या गोळ्या लिहून द्याव्या लागतात. तिच्या अंगी लागणार ते नाचणीतून, पालेभाजीतून, तिसऱ्यांतून येईल तेवढंच.

काही डेफिशियन्सी खाण्यापिण्याने भरून निघतच नाहीत. जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम लाल रक्तपेशींना सांभाळून असतं. काहींत ते जन्मतःच कमी असतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे पुरुषांत ही कमतरता जास्त दिसते. एरवी माणूस धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. पण त्याला व्हायव्हॅक्स मलेरिया झाला आणि यकृतात दडून बसलेला परजीवी मारण्यासाठी चौदा दिवसांचं प्रायमाक्विन सुरू केलं, तर रक्तपेशी फुटायला लागतात आणि लघवी चहासारखी काळपट होते. बांधकामांच्या आसपास मलेरिया पाहिलेल्या गोव्यात ही माहिती पुस्तकी नाही. अशा कमतरतेवर टॉनिक नसतं. ‘मला ही आहे’ एवढं डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं.

याच शब्दाने गोव्यात एकदा माणसाला कैदेत टाकलं आहे. एड्स या नावातला ‘डी’ म्हणजे डेफिशियन्सी, आणि एचआयव्हीतल्या ‘आय’च्या पोटातही तीच लपलेली आहे : इम्युनोडेफिशियन्सी. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या नियमित रक्तदात्याच्या रक्तात एचआयव्हीची खूण सापडली. तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवण्याची तरतूद होती. पोलिसांनी त्याला नेलं आणि क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात पहाऱ्यात ६४ दिवस एकट्याला ठेवलं. आई ल्युसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. मुलगा सुटला, पण ती तरतूद न्यायालयाने वैध ठरवली.

आता शब्दाकडे नीट बघा. विषाणूचं नाव ‘प्रतिकारशक्ती कमी करणारा’ असं आहे; विषाणू सापडला म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झालीच असा त्याचा अर्थ होत नाही. रक्तातल्या सीडी-फोर नावाच्या प्रतिकारपेशी मायक्रोलिटरला २००च्या खाली गेल्या की डॉक्टर एड्सची पायरी मानतात, आणि तिथवर पोचायला उपचारांविनाही बहुधा वर्षं लागतात. चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसावर ‘डेफिशियन्सी’चा शिक्का बसला आणि वैद्यकीय शब्दाचा गुन्हा झाला. डॉमिनिक १९९२मध्ये गेला; त्याच वर्षी त्याच्या पुढाकाराने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था गोव्यात उभी राहिली. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करायला बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१७मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१८मध्ये लागू झाला. कमतरता आणि कसूर यांतला फरक मला या एका प्रकरणाने जितका कळला तितका कुठल्याही शब्दकोशाने कळला नसता.

पावसाचं प्रकरण तुलनेने हलकं आहे, पण गमतीचं. हवामान खातं जिल्ह्याचा किंवा राज्याचा पाऊस त्या जागेच्या स्वतःच्या सरासरीशी ताडून बघतं. सरासरीपेक्षा १९ टक्के वर-खाली झाला तरी ‘नॉर्मल’. २० ते ५९ टक्के कमी असला की ‘डेफिशियंट’, ६०च्या पुढे ‘लार्ज डेफिशियंट’. सगळ्या देशाचा मोसम मोजताना मात्र हीच मंडळी वेगळी पट्टी काढतात : दीर्घकालीन सरासरीच्या ९० टक्क्यांच्या खाली पाऊस गेला की देशाचा मान्सून ‘डेफिशियंट’. म्हणजे बारा टक्के तूट देशाला पडली तर मथळे होतात आणि तेवढीच गोव्याला पडली तर पत्रकात ‘नॉर्मल’ छापून येतं. दोन्ही बरोबर आहे. छोट्या जागेचा पाऊस वर्षागणिक जास्त हेलकावे खातो, अख्ख्या देशाचा कमी, म्हणून देशासाठी चाळणी बारीक.

शिवाय गोव्याची सरासरीच सुमारे तीन हजार मिलिमीटर. पंचवीस टक्के तूट पडली तरी सव्वादोन हजार मिलिमीटर पडलेला असतो, आणि देशाची मान्सूनची सरासरी ८७० मिलिमीटर आहे. इथला ‘डेफिशियंट’ पाऊस मराठवाड्यात पडला तर पूर येईल. तरीही मे महिन्यात एखाद्या वाड्यावर पाण्याचा टँकर येतोच. पाऊस पत्रकात भरपूर आणि नळ कोरडा, कारण पत्रक पडलेलं पाणी मोजतं. ते जांभ्या दगडातून झिरपून किती गेलं, समुद्राला किती मिळालं आणि साळावलीच्या धरणात किंवा ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रात किती पोचलं, हे त्याच्या कक्षेत नाही. तिथे जाब विचारायचा झाला तर तो ढगाला विचारून उपयोग नाही.

हाच पाऊस भाटातल्या माडांची एक डेफिशियन्सी घडवतो. जांभ्या मातीतलं बोरॉन पाण्याबरोबर वाहून जातं. मग माडाच्या शेंड्याला नवीन फुटणारी झावळ नीट उलगडत नाही; पाती एकमेकींना चिकटून राहतात, टोकं आकड्यासारखी वळतात, झावळी आखूड निघतात. अनेकदा हे आधी मालकाला दिसत नाही, नारळ पाडायला वर चढलेल्या पाडेलीला दिसतं. इथे एक छान खूण आहे. बोरॉन झाडात एका जागी बसलं की हलत नाही, म्हणून त्याची उणीव नव्या पानावर उमटते. मॅग्नेशियम आणि पोटॅश मात्र झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून त्यांची उणीव खालच्या, जुन्या झावळ्यांवर पिवळेपणाने दिसते. वरचा शेंडा बिघडला की एक औषध, खालच्या झावळ्या पिवळ्या पडल्या की दुसरं. शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत ज्या १२ गोष्टी तपासतात त्यांत बोरॉन आहे. ती तपासणी केल्याशिवाय बोरॅक्स ओतू नये, कारण बोरॉनमध्ये ‘कमी’ आणि ‘विषारी’ यांच्यातली जागा फार अरुंद असते.

सरकारी कागदातली डेफिशियन्सी लवकर उरकते. जीएसटीचा परतावा मागणारा अर्ज अपुरा असेल तर अधिकारी पंधरा दिवसांत आरएफडी-०३ हा डेफिशियन्सी मेमो धाडतो. काजू निर्यात करणाऱ्या एखाद्याला तो आला की पोटात गोळा येतो, जणू चोरीच पकडली. त्यात चोरी नसते. जोडपत्र राहिलं, बँकेचा दाखला नीट दिसत नाही, असं काहीतरी असतं. पण मेमो आला की तो अर्ज संपला. दुरुस्ती त्याच अर्जात होत नाही, नवा भरावा लागतो. पहिला अर्ज केल्यापासून मेमो येईपर्यंतचे दिवस दोन वर्षांच्या मुदतीत धरत नाहीत, ही सवलत २०२१पासून आहे. मेमोत ‘तुमचा हक्क नाही’ असं कुठेही म्हटलेलं नसतं, आणि तरी कित्येक जण तिथेच नाद सोडतात.

खरा गुंता ग्राहक कायद्यात आहे, कारण इथे ‘कमी’ आणि ‘कसूर’ पहिल्यांदा एकत्र येतात. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०मध्ये लागू झाला. त्याच्या कलम २(१०) मध्ये ‘डिफेक्ट’ आहे आणि २(११) मध्ये ‘डेफिशियन्सी’. दोन्हींची सुरुवात जवळपास सारखी : फॉल्ट, इम्परफेक्शन, शॉर्टकमिंग. डेफिशियन्सीत ‘इनॲडिक्वसी’, म्हणजे अपुरेपणा, जास्तीचा. फरक पुढे आहे. डिफेक्ट वस्तूत असतो : दर्जा, प्रमाण, शुद्धता, ताकद. डेफिशियन्सी सेवेत असते : काम कोणत्या दर्जाचं, कशा रीतीने झालं. फ्रिज थंड करत नाही हा डिफेक्ट. दुरुस्तीला येतो म्हणून तीन आठवडे कुणी फिरकलंच नाही ही डेफिशियन्सी. वस्तूतला दोष नुसता बघून कळत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो. सेवा कुठल्या प्रयोगशाळेत पाठवणार? ती होऊन गेलेली असते. म्हणून तिथे सगळा भार कागदावर आणि साक्षीवर.

पट्टी कुठली, याचं उत्तर कलमातच आहे. एक तर कायद्याने ठरवून दिलेला दर्जा, नाही तर करारात किंवा अन्य रीतीने दिलेला शब्द. ग्राहकाला काय अपेक्षित होतं ही पट्टी नाही.

समजा, मे महिन्यात म्हापशाजवळच्या एका हॉलमध्ये लग्न आहे. पावसाआधीचं वादळ होतं, वीज जाते आणि दीड तास येत नाही. पंखे बंद, भटजी घामाने भिजलेले, जेवणाची पंगत अंधारात. हॉलवाल्याची डेफिशियन्सी? वीज गेली यात त्याचा हात नाही. बुकिंगच्या पावतीवर ‘जनरेटरची सोय’ असं लिहिलेलं असेल आणि जनरेटरमध्ये डिझेलच नसेल, तर ती स्वच्छ डेफिशियन्सी. जनरेटर नाही हे पावतीवर आणि तोंडी आधीच सांगितलेलं असेल, तर हॉल कमी दर्जाचा म्हणा, कायद्याच्या अर्थाने सेवेत कसूर म्हणता येणार नाही. आणि जनरेटर मोडून पडलाय हे हॉलवाल्याला ठाऊक असून त्याने मुद्दाम लपवलं असेल, तर तीही डेफिशियन्सी, कारण ग्राहकाला लागणारी माहिती हेतुतः दडवणं २०१९च्या व्याख्येत स्पष्ट घातलेलं आहे. एकच अंधार, चार निकाल.

न्यायालयांनी या शब्दाला कुंपण कसं घातलं तेही बघण्यासारखं आहे. १९९३मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घर बांधून देणं हीसुद्धा सेवा आहे, आणि ती देणारं सरकारी प्राधिकरण असलं म्हणून सुटत नाही. १९९५मध्ये शांता प्रकरणात पैसे घेऊन केलेले वैद्यकीय उपचार कायद्याखाली आले. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती इस्पितळं बाहेर राहिली. उपचार करूनही रोगी बरा झाला नाही एवढ्याने मात्र डॉक्टरची डेफिशियन्सी सिद्ध होत नाही. त्याने जाणत्या डॉक्टरइतकी काळजी घेतली का, हे बघतात. १४ मे २०२४ला न्यायालयाने वकिलांना या कायद्यातून वगळलं. वकिलांच्या चुकीचा फैसला न्यायाधीशांनी वकिलांच्याच बाजूने दिला असं म्हणायचा मोह मला होतो. न्यायालयाचं कारण असं की अशील वकिलावर बराच ताबा ठेवून असतो, म्हणून तो वैयक्तिक सेवेचा करार ठरतो, आणि असा करार कायद्यातल्या ‘सेवे’त मोडत नाही.

सगळ्यांत बोलकं प्रकरण १९९९चं. दिल्लीहून न्यूयॉर्कला निघालेल्या एका प्रवाशाला केएलएम विमान कंपनीच्या लोकांनी ॲम्स्टरडॅमला थांबवलं, कारण व्हिसावरच्या फोटोबद्दल त्यांना शंका आली. पुढचं विमान चुकलं, मनस्ताप झाला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शंका प्रामाणिक होती, तपास जबाबदारीने केला, तेव्हा ही डेफिशियन्सी नव्हे. आणि ती होती हे सिद्ध करण्याचं ओझं तक्रार करणाऱ्यावर. ज्यांच्या घरात दोन देशांचे पासपोर्ट एका कपाटात असतात त्या गोव्यातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. त्रास झाला हे खरं असू शकतं आणि तरी कसूर झालेली नसू शकते.

फ्लॅटच्या गळतीत दोन्ही शब्द एकमेकांवर चढतात. पर्वरीतल्या चौथ्या मजल्यावर पहिल्याच पावसात भिंतीला ओल आली, तर रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं कलम १४(३) त्याला बांधकामातला डिफेक्ट म्हणतं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत तो नजरेस आणून दिला तर बिल्डरने तीस दिवसांत, जास्तीचा पैसा न घेता दुरुस्त करायचा. तीच ओल ग्राहक आयोगात बिल्डरच्या सेवेतली डेफिशियन्सी ठरू शकते. रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं आहे.

तक्रार लिहिताना ‘सेवेत डेफिशियन्सी होती’ हे वाक्य सगळेच लिहितात, आणि त्या वाक्याला एकट्याने किंमत शून्य. शब्द काय दिला होता, तो कुठे लिहिलेला आहे, प्रत्यक्षात काय झालं, त्यातून नुकसान किती झालं, एवढं तारखांसकट आणि पावतीची प्रत जोडून मांडावं. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे उत्तर गोव्याला पर्वरी आणि दक्षिणेला मडगाव. पाच लाखांपर्यंत फी नाही. कंपनीचं मुख्य कार्यालय गुरुग्रामला असो की बंगळुरूला, तक्रार आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते. ही सोय २०१९च्या कायद्याने दिली. वकील लावायलाच हवा असं नाही, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो. मुदत दोन वर्षांची, आणि त्या अंधारातल्या लग्नाच्या बाबतीत ती लग्नाच्या तारखेपासून धरून चालावं. हॉलवाल्याने ‘बघतो, बघतो’ म्हणत घालवलेले महिने त्यातून वजा होतील या भरवशावर राहू नये.